फाल्गुनात पेटी उचलून पाहावी

युरोप-अमेरिकेतल्या मधमाशीपालनाच्या पुस्तकांत वसंताच्या सुरुवातीची तपासणी हे महत्त्वाचं प्रकरण असतं. तिकडे वसाहत हिवाळाभर एकमेकींना बिलगून साठवलेल्या मधावर तग धरते आणि पुष्कळदा मरते ती थंडी सरता सरता. राणी पुन्हा अंडी घालू लागते, अंड्या-अळ्यांचा पिलावा ३४-३५ अंशांच्या उबेत ठेवायला मध खर्ची पडतो आणि बाहेर पुरेशी फुलं आलेली नसतात. आपल्याकडे १९६०च्या दशकात हिमाचलातल्या नगरोटा बगवाँ इथे तिकडचीच मेलीफेरा माशी रुजली. आज धाराशिव जिल्ह्यात कांद्याच्या किंवा डाळिंबाच्या बांधावर पेट्या दिसल्या, तर त्यांत बहुधा तीच माशी असते. माशी इथे रुळली, पेटीही रुळली. पुस्तकातलं वेळापत्रक मात्र इथल्या मातीला लागू पडत नाही. फाल्गुनातली तपासणी इथेही हवीच, पण तिचं कारण उलटं आहे. तिकडे मागे पडलेल्या उपासमारीतून काय उरलं ते पाहायचं असतं. इथे पुढच्या उपासमारीसाठी काय ठेवायचं ते ठरवायचं असतं.

धाराशिवच्या, म्हणजे बालाघाटाच्या या पठारावर फुलांचा क्रम पाहिला की हे लगेच ध्यानात येतं. पाऊस उघडल्यावर तूर फुलते. रब्बीच्या ज्वारीत मकरंद नसतो, पण पराग भरपूर मिळतो. मग धने, करडई, आणि फेब्रुवारी-मार्चात बीजोत्पादनाचा कांदा. पळस, करंज, कडुनिंब यांच्या जोरावर चैत्र निघतो, चिंच थोडा हातभार लावते. त्यानंतर चाळिशी ओलांडणारं ऊन. त्या दिवसांत कामकरी माशांची बरीच धावपळ पाणी आणून पेटी थंड ठेवण्यात जाते. मृगापासून पुढे झडीत बाहेर पडणं मुश्किल, आणि पडलं तरी शिवारात मिळणार काय? पूर्वी खरिपात ज्वारी आणि सूर्यफूल होतं. त्यांची बरीच जागा सोयाबीनने घेतली. सोयाबीनचं फूल इवलंसं, स्वपरागित. त्यावर मोठी वसाहत पोसत नाही. म्हणजे इथल्या पेटीचा खरा हिवाळा आषाढ-श्रावणात असतो, आणि साठा सर्वांत जास्त असतो तो फाल्गुनात, मध काढायचं यंत्र बाहेर निघतं नेमका तेव्हाच.

महाबळेश्वरचं मध संचालनालय १९४६चं, त्यामुळे राज्यातलं या धंद्याचं बरंचसं शहाणपण सह्याद्रीत, देशी सातेरी माशीच्या सोबतीने घडलं. तिथे वसंतात जांभूळ आणि हिरडा फुलतात, जंगल हाताशी असतं. येडशीच्या रामलिंग घाटाचा अपवाद सोडला तर धाराशिवच्या माशीला असं जंगल क्वचितच लाभतं. तिची सगळी भिस्त पिकांवर, आणि पीक शेतकऱ्याच्या मर्जीने बदलतं.

तपासणी तशी साधी आहे. आधी पेटी मागच्या बाजूने एका हाताने जराशी उचलायची. सरावलेल्या हाताला कणगी वाजवून धान्य किती ते कळावं, तसा वजनावरून अंदाज येतो. मग सकाळच्या गारव्यात झाकण काढून कडेची एक चौकट अलगद वर घ्यायची आणि उजेडात धरायची. वरच्या बाजूला मेणाच्या पांढरट झाकणाखाली पिकलेला मध, त्याखाली परागाची रंगीबेरंगी कमान, मध्यभागी पिलावा, अशी मांडणी असेल तर ठीक. चौकट हलक्याने झटकली आणि घरांतून पातळ थेंब उडाले, तर ताजा मकरंद येतो आहे. अळी दुधाळ खाद्यात लोळत असली तर पोरं पोटभर खाताहेत. ती कोरडी दिसली तर खाद्याची टंचाई आहे. आणि माशा घरांत डोकं खुपसून, शेपटी बाहेर ठेवून मेलेल्या आढळल्या तर त्या रोगाने नव्हे, भुकेने गेल्या. पूर्ण भरलेल्या मोठ्या चौकटीत दोन-अडीच किलो मध मावतो. जुना आडाखा असा की एक चौकट पिलावा वाढवायला साधारण एक चौकट मध आणि एक चौकट पराग लागतो. हा आडाखा एकदा मनात बसला की पेटीतली वरची मधकोठी रिकामी करून झाल्यावर पिलाव्याच्या कोठीतल्या चौकटींनाही यंत्रात घालायचा मोह आवरतो.

यावर धंद्यातला माणूस म्हणेल, मध महाग, साखर स्वस्त. मध काढून घ्या आणि पावसाळ्यात पाक द्या. हिशेब दिसायला चोख आहे. पण पाकातून शक्ती मिळते, पराग मिळत नाही, आणि परागाशिवाय पिलावा वाढत नाही. शिवाय पाक संध्याकाळी द्यावा लागतो, न सांडता. नाहीतर शेजारच्या पेट्यांतल्या माशा लुटायला येतात आणि दुबळी वसाहत एका दिवसात साफ होते. मधकोठी चढवलेली असताना पाक दिला तर तोच मधात उतरतो. २०२०मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटने बाजारातल्या मधातली साखरेची भेसळ उघड केल्यावर ग्राहक आधीच साशंक आहे. पाक हा आपत्कालीन उपाय आहे आणि तसा तो जरूर वापरावा. त्यालाच धोरण केलं की सप्टेंबरात पेटीत मेणकिड्यांची जाळी सापडतात.

दुसरा आक्षेप जास्त विचार करण्यासारखा आहे. रानातलं आग्यामोहोळ कुणी तपासत नाही, तरी ते टिकतंच ना? टिकतं, कारण फुलोरा संपला की ते उठून दुसरीकडे जातं. सातेरीही उपाशी राहिली तर पेटी सोडते. पाळणाऱ्याच्या हाती रिकाम्या चौकटी उरतात. मेलीफेरा सहसा जात नाही, जागेवरच संपते. पेटी ट्रकवर घालून दुसऱ्या जिल्ह्यात नेणाऱ्यांना हे ठाऊक असतं, पण स्थलांतराचा खर्च चार-दहा पेट्यांच्या शेतकऱ्याला पेलत नाही. फाल्गुनात मागे ठेवलेल्या दोन-तीन चौकटी हाच त्याचा ट्रक.

याचा हिशेब परागीभवनासाठी पेट्या भाड्याने घेणाऱ्यालाही करावा लागेल. कांद्याच्या बियाण्यासाठी तो पैसे मोजतो ते दर पेटीमागे, आत काय आहे हे न पाहता. भुकेल्या पेटीत फुलावर जायला माशाच कमी असतात, आणि पिलावा नसेल तर पराग आणायची त्यांना निकडही नसते. तेव्हा भाडं ठरवताना दोन-चार पेट्यांची झाकणं उघडायला सांगावीत, माशांनी भरलेल्या आणि पिलाव्याच्या चौकटी मोजाव्यात, आणि दर त्यावर धरावा.