एकदा सिझेरियन, पुढेही सिझेरियनच?

पहिले मूल सिझेरियनने झाले की पुढच्या प्रत्येक बाळंतपणाला पोट उघडावेच लागते, अशी समजूत सुशिक्षित घरांतही आढळते. या समजुतीचा धागा 1916 सालापर्यंत जातो. न्यूयॉर्कचे डॉ. एडविन क्रेगिन यांनी त्या वर्षी एकदा सिझेरियन झाल्यास पुढेही तेच करावे लागते, असे मत मांडले होते. पहिले सिझेरियन विचारपूर्वक करावे, हा त्यामागील हेतू होता. तेव्हा गर्भाशयाच्या वरच्या, जाड स्नायूंच्या भागावर उभा छेद घेतला जाई आणि पुढील प्रसूतीत कळांचा ताण त्याच व्रणावर येई. 1920 च्या दशकात ग्लासगोचे मन्रो कर यांनी खालच्या, पातळ भागावरील आडव्या छेदाचा पुरस्कार केला. आज बहुसंख्य शस्त्रक्रिया याच पद्धतीने होतात. छेद बदलला, समजूत मात्र तशीच राहिली.

अमेरिकेत 2004 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पूर्वी सिझेरियन झालेल्या सुमारे 18 हजार स्त्रियांनी नैसर्गिक प्रसूतीचा प्रयत्न केला. त्यांपैकी सुमारे 73 टक्के स्त्रिया त्यात यशस्वी झाल्या. जुन्या व्रणाच्या जागी गर्भाशय फाटण्याचे प्रमाण 0.7 टक्के, म्हणजे हजारात सात होते. हे प्रमाण अल्प असले तरी परिणाम गंभीर असतो : बाळाला मिळणारा प्राणवायू तुटतो, आईला मोठा रक्तस्राव होतो आणि क्वचित गर्भाशय काढावे लागते.

हा धोका सर्वांना सारखा नसतो. पूर्वी एकदा तरी नैसर्गिक प्रसूती झालेली असल्यास यशाची शक्यता वाढते. दोन प्रसूतींतील अंतर 18 महिन्यांपेक्षा कमी असल्यास किंवा औषधांनी कळा आणल्यास धोका वाढतो. गर्भाशयावर उभा छेद असल्यास किंवा पूर्वी गर्भाशय फाटलेले असल्यास हा प्रयत्न करू नये.

दुसरीकडे, पुन्हा सिझेरियन करणे म्हणजे पूर्ण सुरक्षितता, असेही नाही. प्रत्येक शस्त्रक्रियेबरोबर वार गर्भाशयाच्या भिंतीत रुतून बसण्याची शक्यता वाढते. 2006 सालच्या एका अमेरिकन अभ्यासात हे प्रमाण पहिल्या सिझेरियनच्या वेळी 0.24 टक्के, तर चौथ्या वेळी 2.13 टक्के आढळले. अधिक अपत्ये हवी असणाऱ्या कुटुंबांनी ही बाब विशेष लक्षात घ्यावी.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील सिझेरियनचे प्रमाण 2015-16 मध्ये 17.2 टक्के होते, ते 2019-21 मध्ये 21.5 टक्के झाले. त्याच पाहणीत गोव्यात ते 39.5, तर तेलंगणात 60.7 टक्के होते. साहजिकच, हा प्रश्न अधिकाधिक घरांत उभा राहणार आहे.

त्याचे उत्तर दोन गोष्टींवर अवलंबून आहे. पहिली, रुग्णालय. बाळाच्या ठोक्यांवर सतत लक्ष, तातडीच्या शस्त्रक्रियेची सोय, भूलतज्ज्ञ आणि रक्त उपलब्ध असेल तेथेच हा प्रयत्न करावा. घरी किंवा लहान प्रसूतिगृहात नव्हे. दुसरी, मागील शस्त्रक्रियेचा कागद. पोटाच्या कातडीवरील आडव्या व्रणावरून आतील छेद कसा आहे हे कळत नाही. ते शस्त्रक्रियेच्या नोंदीतच सापडते. पुष्कळदा तो कागद बिलांबरोबर हरवतो आणि मग डॉक्टरांपुढे पर्याय कमी उरतात. महाविद्यालयातील मुलींना, आणि मुलांनाही, शिक्षकांनी एवढे जरी सांगितले की तो कागद जपून ठेवावा आणि गरोदरपणाच्या पहिल्याच तपासणीत डॉक्टरांना दाखवावा, तरी पुढचा निर्णय भीतीपोटी न होता माहितीच्या आधारे होऊ शकेल.