स्लाइडचा डबा भंगारात देण्याआधी

सत्तर-ऐंशीच्या दशकात कोकणातून आखातात नोकरीला गेलेल्यांपैकी काहींच्या घरी अजून स्लाइडचे डबे आहेत. पाच सेंटिमीटरची पुठ्ठ्याची चौकट आणि मध्ये रंगीत फिल्मचा तुकडा. काही मरहूम बुजुर्गांचे रंगीत फोटो फक्त तिथेच असतात. आता मुलं त्या स्कॅन करून आणतात, संगणकावर पाहतात आणि म्हणतात, "अब्बा, यापेक्षा मोबाईलचा फोटो साफ येतो!" मग डबा भंगारात जायला वेळ लागत नाही. आमचं म्हणणं, जरा थांबा.

आधी मेगापिक्सेलचा हिशेब. स्लाइडवरचं चित्र ३६ बाय २४ मिलिमीटर असतं. ४००० डीपीआयला स्कॅन केलं की साधारण २१ मेगापिक्सेलची फाईल होते. आकडा चांगल्या डिजिटल कॅमेऱ्याइतका, पण तपशील तितका नसतो. स्कॅनर चित्रासोबत फिल्मचे दाणेही टिपतो. म्हणून पडद्यावर पूर्ण मोठं करून पाहिलं की स्लाइड खरखरीत दिसते आणि डिजिटल फोटो गुळगुळीत. अशी तुलना करूच नका. दोन्हींचे ए-४ प्रिंट काढा आणि हातभर अंतरावरून बघा, फरक बराच कमी होतो. तेवढ्या प्रिंटला नऊ मेगापिक्सेलही पुरतात.

खरी गडबड अंधाऱ्या भागात होते. स्लाइडमधला काळा रंग फार घट्ट असतो. दुपारच्या उन्हात ओटीवर बसलेल्या दादीचा चेहरा स्वस्तातल्या स्कॅनरमध्ये नुसता काळा येतो. तीच स्लाइड उजेडासमोर धरून भिंगातून पाहा, चेहरा दिसला तर दोष स्कॅनरचा. मात्र आकाश पांढरं पडलं असेल, तर तिथे फिल्मवर काहीच उरलेलं नसतं, कुठलाही स्कॅनर ते परत आणणार नाही. ऊन-सावली एकत्र सांभाळण्यात आजचा डिजिटल कॅमेरा पुढे आहे, हे मान्य करायलाच हवं.

चौकटीवर 'कोडॅक्रोम' लिहिलंय का, तेही बघा. पेशावरजवळच्या छावणीतल्या अफगाण मुलीचा १९८४ चा प्रसिद्ध फोटो याच फिल्मवरचा. १९३५ मध्ये आलेली ही फिल्म २००९ मध्ये बंद झाली. अंधारात ठेवली तर तिचे रंग फार टिकतात. प्रोजेक्टरच्या उजेडात मात्र लवकर उडतात. स्कॅनमध्ये ती बऱ्याचदा निळसर येते. शिवाय धूळ आपोआप काढणारी इन्फ्रारेड सोय तिच्यावर नीट चालत नाही, बारीक तपशील खाऊन टाकते. दुकानदाराला ती बंद ठेवायला सांगा, आणि जेपेगसोबत टिफ फाईलही मागून घ्या.

स्कॅन ही नक्कल आहे. उद्या चांगला स्कॅनर मिळाला तर पुन्हा काढता येईल, पण मूळ स्लाइड हवी ना! पावसाळ्यात बुरशी धरते, त्यामुळे डबा माळ्यावर टाकू नका. सिलिका जेलच्या पुड्या घालून कोरड्या कपाटात ठेवा. ओल्या फडक्याने तर अजिबात पुसू नका, हवेच्या छोट्या पंपाने धूळ उडवली की पुरे.

आणि हो, चौकटीचाही मोबाईलने फोटो घ्या, दोन्ही बाजूंनी. कंपनीने छापलेला महिना-साल, कुणी पेनाने लिहिलेलं गावाचं नाव, हे काहीच स्कॅनमध्ये येत नाही.