दोष सांध्यात असतो

सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहार यांनी भंगारातले भाग जमवून एक छोटी जीप उभी केली. दुचाकीसारखी किक मारून ती सुरू होई आणि तिला खर्च आला होता साधारण ६०,००० रुपये. डिसेंबर २०२१ मध्ये उद्योगपती आनंद महिंद्रा यांनी तिची चित्रफीत पाहिली. गाडी नियमांत बसत नाही हे स्पष्ट सांगूनही त्यांनी लोहारांच्या कल्पकतेचं कौतुक केलं आणि जीपच्या बदल्यात बोलेरो देऊ केली. जानेवारी २०२२ मध्ये ती लोहार कुटुंबाला मिळाली. चर्चा झाली ती बोलेरोच्या भेटीची. पण एका वाहनाचं इंजिन, दुसऱ्याची चाकं आणि हातानं ठोकलेला पत्रा एकमेकांशी नांदवणं ही स्वतंत्र विद्या आहे. तिच्याबद्दल फारसं कुणी बोललं नाही.

अमेरिकेत या विद्येभोवती एक संस्कृतीच उभी राहिली. १९३०च्या दशकात कॅलिफोर्नियातली तरुण मुलं फोर्डच्या जुन्या गाड्या स्वस्तात घेत, मडगार्ड आणि बोनेट काढून वजन कमी करत, इंजिनात फेरफार करत आणि कोरड्या पडलेल्या तळ्यांच्या सपाटीवर वेग आजमावत. १९३२ मध्ये फोर्डनं सामान्यांना परवडणारं आठ सिलिंडरचं इंजिन आणलं आणि या मुलांना हवं ते हाती लागलं. अशा गाडीला पुढे ‘हॉट रॉड’ म्हणू लागले. दुसऱ्या महायुद्धानंतर हा छंद देशभर पसरला. जानेवारी १९४८ मध्ये त्याच नावाचं मासिक निघालं आणि १९५१ मध्ये शर्यतींना शिस्त लावणारी राष्ट्रीय संघटना स्थापन झाली.

त्याच काळात, १९४९ मध्ये, इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णी यांनी आपल्या छोट्या मोटारीचा पहिला नमुना बनवला होता. त्यांचं शालेय शिक्षण जेमतेम झालं होतं आणि त्यांचा ध्यास वेगाचा नव्हता. सामान्य कुटुंबाला परवडेल अशी गाडी त्यांना करायची होती. पुढची जवळजवळ तीन दशकं ते नमुन्यामागून नमुने सुधारत राहिले. मागच्या बाजूला इंजिन असलेली त्यांची ‘मीरा’ १९७०च्या दशकात १२,००० रुपयांना विकता येईल असा त्यांचा हिशेब होता. ती कारखान्यात कधीच बनली नाही, पण महाराष्ट्राच्या यंत्रविद्येच्या इतिहासात शंकररावांचं पान मोठं आहे.

अशी गाडी आज घडवायची झाली, तर लागणारे हात मुंबईलगतच्या मीरा-भाईंदरसारख्या शहरात सापडतात. भाईंदर पूर्वेचे औद्योगिक गाळे स्टेनलेस स्टीलच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध आहेत. पत्रा कापणं, दाबणं, जोडणं आणि चकाकवणं हे तिथलं रोजचं काम. काशिमीऱ्याहून जाणाऱ्या महामार्गामुळे ट्रक-टेम्पोच्या दुरुस्तीचा धंदाही इथे आहेच. टर्नर, वेल्डर, डेंटर आणि वायरमन या चौघांना एका गाडीभोवती उभं केलं की निम्मं काम मार्गी लागतं. उरलेलं निम्मं काम सांधे जुळवण्याचं, आणि खरी परीक्षा तिथे होते. सुटं इंजिन उत्तम असतं, सुटा गिअरबॉक्सही उत्तम असतो. दोष निघतो तो दोघांना जोडणाऱ्या जागी.

पहिला सांधा याच दोघांमधला. एका कंपनीचं इंजिन दुसऱ्या कंपनीच्या गिअरबॉक्सला जोडायचं तर मध्ये जाड धातूची प्लेट बनवावी लागते. भोकं जुळली म्हणजे काम झालं, असं अनेकांना वाटतं. पण क्रँकचा आणि गिअरबॉक्सच्या शाफ्टचा मध्य एका रेषेत यावा लागतो. तो थोडा जरी सरकला तरी क्लच थरथरतो, बेअरिंग ओरडू लागतं आणि काही महिन्यांत खलास होतं. म्हणून चांगला टर्नर प्लेट बसवल्यावर डायल गेज लावून क्रँक हातानं फिरवतो आणि काटा किती हलतो ते पाहतो. प्रोपेलर शाफ्टचंही तसंच. त्याच्या दोन टोकांच्या क्रॉसचे कोन सारखे नसतील, तर हळू चालणारी गाडी शांत वाटते आणि वेग वाढला की सगळी चासी कापू लागते. लोक मग टायरचं बॅलन्सिंग करून घेत राहतात. चूक असते इंजिनाच्या पायात, जिथे पाचरीचा एक तुकडा घालून कोन सुधारता आला असता.

दुसरा सांधा ब्रेकचा. हौशी माणूस मोठं इंजिन बसवतो आणि त्याला शोभेल म्हणून मोठा मास्टर सिलिंडरही लावतो. पाऊण इंची बोअरच्या जागी एक इंची आला की पिस्टनचं क्षेत्रफळ सुमारे १.७८ पट होतं. पायाचा जोर तोच राहिला तर तेलाचा दाब त्याच प्रमाणात घटतो. पेडल दगडासारखं कडक लागतं, चालकाला वाटतं ब्रेक दणकट आहे, आणि गाडी थांबत मात्र नाही. कडक पेडल म्हणजे चांगला ब्रेक हा समज जिवावर बेतू शकतो. वेग वाढवण्याआधी थांबण्याचा हिशेब कागदावर मांडला पाहिजे.

तिसरा प्रश्न उष्णतेचा. मुंबईकरांना तो प्रीमियर पद्मिनीनं शिकवला. उन्हाळ्यात गर्दीत अडकलेली फियाट बंद पडे, कारण इंजिनाला चिकटलेल्या पेट्रोल पंपातच पेट्रोलची वाफ होई आणि पंप वाफ ओढू शकत नसे. टॅक्सीवाले पंपावर ओलं फडकं टाकत. तो उपाय शास्त्रशुद्धच होता, कारण पाणी उडताना उष्णता घेऊन जातं. नव्यानं गाडी घडवणाऱ्यानं हाच धडा पुढे न्यावा. पेट्रोलची नळी सायलेन्सरच्या पाइपपासून दूर न्यावी, मध्ये पत्र्याचा आडोसा द्यावा, विजेवर चालणारा पंप टाकीजवळ बसवावा आणि अपघातात इंजिन थांबलं तर पंपही थांबेल अशी जोडणी करावी.

चौथा सांधा विजेचा, आणि अनेक हातघडणीच्या गाड्या रस्त्यात थांबतात त्या त्याच्यामुळे. बॅटरीची धन तार सगळे नीट टाकतात. परतीचा रस्ता, म्हणजे अर्थ, विसरला जातो. इंजिन रबरी पायांवर बसलेलं असतं आणि रबरातून वीज जात नाही. इंजिन व चासी यांना जोडणारी जाड पट्टी राहून गेली, तर सेल्फ मारताच वीज दुसरी वाट शोधते. कधी ती ॲक्सिलरेटरच्या तारेतून परतते आणि ती तार तापून लाल होते. सेल्फ १५० अँपिअरच्या आसपास प्रवाह ओढतो. सांध्यात एका ओहमचा फक्त शंभरावा भाग एवढा रोध असला, तरी दीड व्होल्ट तिथेच खर्ची पडतात. मग बॅटरी बदलली जाते, सेल्फ उघडला जातो, आणि दोष तसाच राहतो.

दिव्यांचीही हीच कथा. ६० वॅटचे दोन बल्ब १२ व्होल्टवर १० अँपिअर घेतात. जुन्या बटणात आणि बारीक तारांत २ व्होल्ट गळाले की उजेड जवळजवळ निम्म्यावर येतो. उपाय मोठा बल्ब नाही, कारण तो तारा अधिक तापवतो. रिले बसवून जाड तारेनं बॅटरीतून थेट प्रवाह द्यावा आणि बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज ठेवावा.

मीरा-भाईंदरमध्ये या सगळ्यात आणखी एक शत्रू मिसळतो. एका बाजूला समुद्र, दुसरीकडे वसईची खाडी आणि परिसरात मिठागरं. इथल्या खारट, दमट हवेत रंगाखालचा पत्रा सांध्यातूनच गंजतो. जिथे अर्थची तार बोल्टनं कसलेली असते, तिथे गंजाचा पातळ थर धरतो. डोळ्यांना बोल्ट घट्ट दिसतो, पण विजेसाठी दार बंद झालेलं असतं. म्हणून रंग खरवडून धातू उघडा करावा, दातेरी वॉशर घालावा, कसून झाल्यावर वरून ग्रीस लावावं.

हे दोष शोधायची रीत साधी आहे. मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या ऋण खुंटीवर आणि दुसरं इंजिनाच्या उघड्या धातूवर ठेवून सेल्फ मारायला सांगायचं. काटा अर्ध्या व्होल्टच्या पुढे गेला तर परतीच्या वाटेत खोट आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि काय बदललं ते वहीत लिहायचं. चार गोष्टी एकदम बदलून गाडी सुरू झाली, तर दोष कशात होता ते कळत नाही आणि तो पुन्हा येतो. भाग बदलणारा आणि कारण शोधणारा यांच्यातला फरक हाच, आणि मला या विद्येचा खरा मान तिथेच वाटतो.

कायद्याची बाजूही स्पष्ट आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदलांना मनाई करतं आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हाच अर्थ स्पष्ट केला. ही मनाई अकारण नाही. वर सांगितलेला चुकीचा मास्टर सिलिंडर रस्त्यावर दुसऱ्याचाही जीव घेऊ शकतो. पण मर्यादेत राहून शिकण्याची जागा उपलब्ध आहे. २००७ पासून होणाऱ्या ‘बाहा एसएई इंडिया’ स्पर्धेत अभियांत्रिकीचे विद्यार्थी स्वतः गाडी घडवतात आणि कठोर तपासणीनंतर ती बंदिस्त मार्गावर चालवतात. महाराष्ट्रातली महाविद्यालयं त्यात उतरतात.

या विद्यार्थ्यांना गाळ्यांतल्या वायरमनकडे आणि टर्नरकडे पाठवा, आणि आयटीआयमध्ये या कारागिरांना मानानं शिकवायला बोलवा. मुलांचं गणित आणि मिस्त्रीचा हात एकत्र आले, तर शंकरराव कुलकर्णींना एकट्यानं जे झगडून करावं लागलं ते पुढच्या माणसाला सोबतीनं करता येईल. आणि ज्याच्या दाराशी जुनी गाडी उभी आहे, त्यानं नव्या इंजिनाचा विचार करण्याआधी एक मल्टिमीटर विकत घ्यावा, ब्रेक तपासावेत आणि अर्थचे सगळे सांधे उघडून स्वच्छ करावेत.