जुन्या गाडीचा घोगरा आवाज

भंडारा–तुमसर रस्त्यावर मोहाडीजवळ जुन्या गाडीत गाणं लावलं आणि आवाज फाटला, तर दोष बहुधा टेपचा नसतो. स्पीकरचा कागदी शंकू आणि त्याच्या कडेची फोमची पट्टी इथल्या उन्हाळ्याने, पावसाळी दमटपणाने झिजते. पट्टी चिरली की शंकू थरथरतो, आवाज घोगरा होतो.

नवा स्पीकर घेताना खोक्यावरच्या ‘३०० वॅट’ला भुलू नये, तो क्षणभराचा कमाल आकडा. पाहायचा तो आर.एम.एस., म्हणजे सतत पेलता येणाऱ्या शक्तीचा आकडा. कंपनीचा टेप दर स्पीकरला साधारण १५ ते २० वॅटच देतो. म्हणून संवेदनशीलता महत्त्वाची. ती ३ डेसिबलने जास्त असेल, तर तेवढाच आवाज निम्म्या शक्तीत मिळतो. ९० डेसिबलच्या आसपासचा, ४ ओहमचा स्पीकर चांगला. दारातल्या जागेची खोलीही मोजावी, नाहीतर खाली येणारी काच चुंबकाला अडते.

स्पीकर बसवताना दाराच्या आतलं प्लॅस्टिक मात्र फेकू नका! पावसाचं पाणी तेच अडवतं. खरा फरक पडतो तो पत्र्याला आतून डांबरी पट्ट्या चिकटवल्याने: पत्रा थरथरायचा थांबतो, ढोलकीचा ठेका भरीव वाजतो. माझ्या मते अँप्लिफायरआधी हाच खर्च करावा.

तारांच्या जोडणीत धन-ऋण उलटसुलट झालं तर दोन स्पीकर एकमेकांचा खर्ज खातात. स्पीकरच्या तारांना दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावून पाहावा. शंकू बाहेर सरकला, तर सेलची धन बाजू लागली ती तार धन.