नवी छटा ओठांवर लावण्याआधी

उन्हाळा आणि लग्नसराई एकत्र आली, की तुळशीबागेत पीच, कोरल, गुलाबी लिपस्टिकभोवती गर्दी होते. दुकानातली ‘टेस्टर’ लिपस्टिक मात्र अनेकींच्या ओठांवरून फिरलेली असते. तिच्यातून जंतुसंसर्ग होऊ शकतो. रंग पाहायचा असेल तर मनगटावर लावून पाहावा.

ॲलर्जी लगेच दिसतेच असे नाही. खाज, लाली, साल निघणे दोन-तीन दिवसांनीही सुरू होते. म्हणून नवे प्रसाधन आधी कोपराच्या आतल्या बाजूला रोज दोनदा, आठवडाभर लावून पाहावे. लग्नाच्या आदल्या दिवशी नवा प्रयोग नकोच.

काहींना लिपस्टिकमधील रंग किंवा सुगंधी द्रव्यांच्या ॲलर्जीने खाज न येताही ओठ काळवंडतात. ते झाकायला तीच लिपस्टिक पुन्हा पुन्हा लावली जाते आणि काळेपणा वाढतो. अशा वेळी वापर थांबवून त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे.

घेताना वेष्टनावर उत्पादकाचे नाव-पत्ता, बॅच क्रमांक, परवाना क्रमांक आणि वापरण्याची मुदत पाहावी. २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार देशी उत्पादनावर यांतील बहुतेक माहिती आवश्यक आहे. ती नसेल, तर छटा कितीही आवडली तरी घेऊ नये.