वीर्यात रक्त? शेवभाजीला दोष देऊ नका भो!

मे महिन्यात जळगावचा पारा 45 च्या पुढं सरकला की अंगातल्या प्रत्येक तक्रारीचं खापर उन्हावर फुटतं. घोळणा फुटला? उष्णता. तोंड आलं? उष्णता. लघवीला जळजळ? उन्हाळी लागली. मग एखाद्या दिवशी वीर्यात लाल रेघ दिसली की आपला खान्देशी गडी सब्जा भिजवतो, धने-जिऱ्याचं पाणी पितो, आठवडाभर शेवभाजी आणि भरीत सोडतो आणि कुणाजवळ चकार शब्द काढत नाही. पाणी प्यायला ते चांगलंच केलं. पण या रक्ताचा तिखटाशी संबंध नाही. शेवभाजी निर्दोष!

नाव भारी, दुखणं बहुधा हलकं
डॉक्टर याला 'हिमॅटोस्पर्मिया' म्हणतात. चाळिशीच्या आतला माणूस, एखाद-दोन वेळा दिसलेलं रक्त आणि दुसरा काहीच त्रास नाही, असं असेल तर बहुतेक वेळा ते आपसूक थांबतं. कित्येकदा तर कारणही सापडत नाही. लाल रंग म्हणजे रक्त ताजं, तपकिरी म्हणजे जुनं. आत साचलेलं जुनं रक्त निघून जायला वेळ लागतो, म्हणून पुढच्या काही वेळाही रंग मळकट दिसू शकतो.

चाळीस थेंबांचा हिशेब
खरी भीती रक्ताची नसते, हिशेबाची असते. चाळीस थेंब रक्त आटलं की एक थेंब वीर्य बनतं, हे पारावर ऐकलेलं असतं. कुणी शंभर थेंब सांगतो. भाव कट्ट्यागणिक बदलतो. आयुर्वेदाच्या सात धातूंत रक्त दुसरं आणि शुक्र सातवं, त्या क्रमाचीच ही पारावरची आवृत्ती असावी. त्यात रक्तच दिसलं की गड्याला वाटतं, कारखाना बिघडला, कच्चा माल तसाच बाहेर पडतोय!

प्रत्यक्षात वीर्यातला निम्म्याहून जास्त द्रव शुक्राशयांतून येतो, बराचसा प्रोस्टेटमधून, आणि शुक्रजंतूंचा वाटा शंभरात जेमतेम दोन ते पाच. रक्त आटवून काही होत नाही. या वाटेवर कुठं बारीक रक्तवाहिनी फुटली, कुठं सूज आली, की रक्त मिसळतं. वीर्य 'जाण्याच्या' या धास्तीनं आजारी पडणाऱ्यांसाठी डॉ. नरेंद्र विग यांनी 1960 मध्ये 'धात सिंड्रोम' हे नाव दिलं. आता ते जगभरच्या मानसोपचारात ओळखीचं आहे. आपल्या पाराची ही निर्यात!

चरकांना ठाऊक होतं
नवा रोग, मोबाइलचा परिणाम वगैरे म्हणणाऱ्यांसाठी: चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात वीर्यात रक्त मिसळण्याचा उल्लेख आहे, आणि कारणांत मार लागणं व जखम होणं सांगितलं आहे. सुश्रुतांच्या यादीतही रक्तानं बिघडलेलं शुक्र आहेच.

रत्नागिरीचं गिमवी
आफ्रिकेतल्या गोड्या पाण्यात पोहून आलेल्या प्रवाशांच्या वीर्यात कधीकधी रक्त दिसतं. कारण असतं शिस्टोसोमा नावाचा कृमी, जो गोगलगायींमार्फत पसरतो. भारतात हा रोग नाहीच असं समजत असताना रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावात लघवीतून रक्त जाणारे रुग्ण आढळले. 1952 मध्ये गाडगीळ आणि शहा यांनी तो शोध छापला. तापी-गिरणेत डुंबणाऱ्यांनी मात्र याची धास्ती घेऊ नये.

आपल्याकडची कारणं जास्त घरगुती. प्रोस्टेटची सूज, लघवीचा जंतुसंसर्ग, परमा किंवा क्लॅमिडियासारखा लैंगिक संसर्ग, खडे, गाठी, मार. प्रोस्टेटचा तुकडा तपासायला काढला असेल तर पुढचे काही आठवडे रंग बदलणं अपेक्षितच असतं. मूळव्याधीच्या इंजेक्शनची सुई चुकून प्रोस्टेटपर्यंत गेल्यानंही असं झाल्याच्या नोंदी आहेत, म्हणून ते इंजेक्शन कुठं आणि कुणाकडून घेतलं हे लपवू नका. खूप चढलेला रक्तदाब आणि रक्त पातळ करायच्या गोळ्या हीसुद्धा कारणं. फक्त त्या गोळ्या स्वतःच्या मनानं बंद करायच्या नाहीत. हृदयाला ते महागात पडेल. आणि क्षयरोग फक्त छातीत होतो असं कुणी सांगितलं? तो या वाटेवरही मुक्काम करतो.

रक्त नक्की कुणाचं?
हा प्रश्न डॉक्टरही विचारतात. रक्त जोडीदाराचंही असू शकतं. कंडोम वापरून वीर्याचा रंग बघितला की वाद मिटतो. कारण कळेपर्यंत कंडोम चालूच ठेवला तर संसर्गाची भीतीही कमी होते.

घरी बसायचं नाही, ते कधी?
वय चाळिशीपुढं. रक्त पुन्हा पुन्हा दिसतंय किंवा तीन-चार आठवडे थांबत नाही. लघवीतही रक्त. ताप, जळजळ, अंडकोषात गाठ किंवा दुखणं, वजन उतरणं. वडिलांना किंवा भावाला प्रोस्टेटचा कर्करोग. यातलं एकही असेल तर युरोलॉजिस्ट गाठा. लघवी तुंबली, रक्ताच्या गुठळ्या पडल्या, थंडी वाजून ताप भरला किंवा मार लागला असेल तर त्याच दिवशी, त्याच तासाला निघा.

कर्करोगाचं काय? अमेरिकेत प्रोस्टेटच्या तपासणीला आलेल्या 26,126 पुरुषांचा एक अभ्यास 2004 मध्ये प्रसिद्ध झाला. वीर्यात रक्त दिसलेले फक्त 139 होते आणि त्यांतल्या 19 जणांना कर्करोग निघाला. म्हणजे 120 जणांना नाही. पण 19 हा आकडा चाळिशीपुढच्या माणसानं गमतीत घालवण्याइतका लहान नाही.

तपासणीची भीती उगाच मोठी असते. आधी रक्तदाब आणि लघवी. मग बोटानं प्रोस्टेट चाचपणं, जे मिनिटभरात उरकतं. वयानुसार पीएसए ही रक्ताची चाचणी. सोनोग्राफी, एमआरआय लागलंच तर नंतर.

भिंतीवरचे 'तज्ज्ञ'
मुतारीच्या भिंतीवर 'गुप्तरोग, खात्रीशीर इलाज' असं रंगवलेलं दिसतं ना? लैंगिक दुर्बलतेवर आणि गुप्तरोगांवर अशी जाहिरात करायला 1954 च्या कायद्यानंच बंदी आहे. उलट र. धों. कर्व्यांनी 1927 पासून 'समाजस्वास्थ्य' या आपल्या मासिकात वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना सरळ उत्तरं दिली, तर त्यांच्यावर खटले भरले गेले. 1934 च्या खटल्यात त्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. प्रश्न विचारण्याच्या बाजूनं एवढा मोठा माणूस उभा राहिला होता, आणि आपण मेडिकलवाल्यासमोर पुटपुटतो!

धुळ्यात श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे, जळगावात 2018 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. लैंगिक संसर्गाची शंका असेल तर सरकारी रुग्णालयातल्या 'सुरक्षा क्लिनिक'मध्ये सल्ला आणि औषधं मोफत मिळतात. केसपेपरच्या खिडकीवर मागं ओळखीचा कुणी नाना-आबा उभा असेल, तर "लघवीची तक्रार" एवढंच सांगा. आत डॉक्टरांसमोर मात्र खरं ते बोला.