विश्लेषण : पाच भागांचे कार्टून आणि ब्राझीलमधील वादळ; ‘सुपर ड्रॅग्स’ नेमके काय होते?

दिवसभर डिपार्टमेंट स्टोअरमध्ये ग्राहकांची आणि साहेबांची बोलणी खाणारे तीन तरुण. शहरावर संकट आले की हेच तिघे भलामोठा विग, उंच टाचा आणि चमचमता पोशाख चढवून बाहेर पडतात आणि खलनायिकेशी दोन हात करतात. ‘सुपर ड्रॅग्स’ या ब्राझीलच्या ॲनिमेशन मालिकेची गोष्ट एवढीच. ९ नोव्हेंबर २०१८ रोजी ती नेटफ्लिक्सवर आली आणि पाच भागांत संपली. वाद मात्र त्याच्या काही महिने आधीच पेटला होता. तेव्हा प्रेक्षकांनी तिचा एकही भाग पाहिलेला नव्हता.

एका विनोदी कार्टूनवर एवढा गदारोळ का झाला, हे समजून घ्यायचे तर त्या वर्षीचा ब्राझील पाहावा लागतो.

मालिकेची कथा काय?

पॅट्रिक, डोनिझेत आणि राल्फ हे तिघे मित्र एकाच दुकानात नोकरीला आहेत आणि तिघेही समलिंगी आहेत. रूप पालटले की पॅट्रिक होतो लेमन शिफॉन, डोनिझेत होतो स्कार्लेट कार्मेसिम आणि राल्फ होतो साफिरा सिआन. पिवळी, लाल आणि निळी, अशी तिघींची रंगांवरून ओळख. (यातला ‘कार्मेसिम’ आपल्या ‘किरमिजी’चा लांबचा भाऊ आहे. दोन्ही शब्दांचे मूळ अरबीत सापडते.) त्यांची प्रमुख व्हेदेत शॅम्पेन. ‘चार्लीज एंजल्स’, ‘सेलर मून’ आणि ‘पॉवरपफ गर्ल्स’ पाहिलेल्यांना हा साचा लगेच ओळखू येईल. रूपांतराचे लांबलचक, गिरक्यांचे दृश्यही तसेच आहे.

खलनायिका आहे लेडी एल्झा. तिला हवे असते ‘हायलाइट’. समलिंगी माणसांच्या अंगातून झळकणारे तेज किंवा ऊर्जा, असे मालिकेत याचे स्पष्टीकरण आहे. ते शोषून एल्झाला कायम तरुण राहायचे आहे. तेज हिरावले गेलेला माणूस निस्तेज, हताश होतो. कल्पना पोरकट वाटेल, पण मालिकेचा सगळा अर्थ इथेच आहे. माणसाची हत्या करायची गरज नाही, त्याला स्वतःची लाज वाटायला लावली की पुरे.

म्हणूनच यातल्या नायकांच्या खऱ्या लढाया अनेकदा घरात किंवा मनात चालतात. पॅट्रिकला आपल्या जाडेपणाचा न्यूनगंड आहे आणि नकार पचवण्याची त्याला सवय झाली आहे. कृष्णवर्णीय डोनिझेत कुणाचे ऐकून घेत नाही, मात्र घरी धार्मिक आईसमोर त्याला जपून वागावे लागते. सर्वांत लहान राल्फची घरातली कोंडी तर आणखी वेगळी. समलिंगी समाजातही ‘बारीक हवा, पुरुषी हवा’ अशी उतरंड असते, यावर मालिका बोट ठेवते. बाहेरच्यांना शिव्या घालणे सोपे असते. आपल्याच माणसांना आरसा दाखवायला थोडे धाडस लागते आणि ते इथे दिसते.

ड्रॅग म्हणजे काय?

ड्रॅग ही रंगमंचीय कला आहे. बहुतेकदा पुरुष कलाकार स्त्रीवेश, मेकअप, विग आणि नखरे यांच्या मदतीने एक वेगळे पात्र उभे करतो. त्या पात्राला स्वतंत्र नाव असते, स्वतंत्र स्वभाव असतो. ड्रॅग करणारी व्यक्ती पारलिंगी असतेच असे नाही. पारलिंगी असणे हा ओळखीचा प्रश्न आहे, तर ड्रॅग हा सादरीकरणाचा. काही कलाकारांच्या बाबतीत दोन्ही एकत्र येतात, एवढेच. अमेरिकेत २००९ मध्ये सुरू झालेल्या ‘रुपॉल्स ड्रॅग रेस’ या स्पर्धेने ही कला क्लबमधून दिवाणखान्यात आणली.

मराठी वाचकाला इथे बालगंधर्व आठवणे साहजिक आहे. नारायणराव राजहंसांच्या साड्या, दागिने, केशरचना यांचे अनुकरण घरंदाज स्त्रिया करत, हे आपण ऐकत आलो आहोत. पण फरक लक्षात घ्यायला हवा. स्त्रीपार्टी नटाचे यश समोरच्याला पुरुषाचा विसर पडण्यात होते. ड्रॅगमध्ये तो विसर पडू द्यायचा नसतो. वेशाच्या आत कोण आहे हे सगळ्यांना माहीत असते आणि गंमत त्या जाणिवेतूनच येते. म्हणून ड्रॅगमध्ये सगळे वाढवलेले असते. पापण्या, नखे, हावभाव, टोमणेसुद्धा. असे अतिशयोक्त रूप कार्टूनला आयतेच मिळाले.

ब्राझीलला हा प्रकार नवा होता का?

अजिबात नाही. कार्निव्हलमध्ये पुरुषांनी स्त्रीवेशात रस्त्यावर उतरणे तिथे जुनेच. रोजेरिया ही कलाकार तर टीव्हीवरची घरोघरी ओळखीची व्यक्ती होती. २०१७ मध्ये तिचे निधन झाले. साओ पाउलोची प्राइड मिरवणूक जगातल्या सर्वांत मोठ्या मिरवणुकांत गणली जाते. समलिंगी विवाहांची नोंदणी २०१३ पासून देशभर होते.

त्याच वर्षांत पाब्लो विटार हे नाव मोठे झाले. साओ लुईसमध्ये १९९३ साली जन्मलेला हा गायक ड्रॅगमध्येच गातो. ‘सुपर ड्रॅग्स’मधल्या गोल्डिव्हा या पॉपस्टारला आवाज पाब्लोचा आहे. शॅम्पेनचा आवाज साओ पाउलोच्या जुन्या ड्रॅग कलाकार सिल्वेत्ती मोंतिला यांचा. इंग्रजी डबिंगसाठी ‘ड्रॅग रेस’मधून प्रसिद्ध झालेल्या ट्रिक्सी मॅटेल, शँजेला, विलम आणि जिंजर मिंज यांना घेतले गेले. थोडक्यात, ड्रॅगवरच्या मालिकेत ड्रॅग कलाकारच बोलले. ॲनिमेशनमध्ये हे दुर्मीळ आहे.

चित्राची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. पारलिंगी व्यक्तींच्या हत्यांच्या जागतिक नोंदींत ब्राझील वर्षानुवर्षे पहिल्या क्रमांकावर राहिला आहे. मिरवणूक लाखोंची आणि हत्याही सर्वाधिक, असा हा देश.

बालरोगतज्ज्ञांचा आक्षेप काय होता?

नेटफ्लिक्सने २०१८ च्या मध्यावर मालिकेची घोषणा केली. रिओ दि जानेरोच्या ‘कॉम्बो’ स्टुडिओने ती बनवली होती आणि अँडरसन महान्स्की, फर्नांडो मेंडोंसा, पाउलो लेस्काउत हे तिचे निर्माते. नेटफ्लिक्सची ही पहिली ब्राझिलियन ॲनिमेशन मालिका. जुलैमध्ये ब्राझीलच्या बालरोगतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेने जाहीर निवेदन काढले. कार्टून ही मुलांची भाषा आहे, त्या भाषेत प्रौढांचे विषय मांडले तर मुले ओढली जातील, म्हणून मालिका आणू नये, असा त्याचा रोख होता. नेटफ्लिक्सने उत्तर दिले की मालिका प्रौढांसाठी आहे, मुलांच्या विभागात ती दिसणार नाही आणि पालकांना हवे तर ती अडवता येईल. मालिकेला १६ वर्षांवरील असे वर्गीकरण होते.

मुलांची काळजी खोटी ठरवण्याचे कारण नाही. चमकदार रंग पाहून सहा वर्षांचे मूल स्क्रीनवर बोट ठेवणारच. पण प्रौढांचे कार्टून ही काही नवी गोष्ट नव्हती. ‘द सिम्प्सन्स’ १९८९ पासून चालू आहे, ‘साउथ पार्क’ १९९७ पासून. खुद्द नेटफ्लिक्सवर ‘बोजॅक हॉर्समन’ २०१४ मध्ये आले होते आणि त्यात दारू, ड्रग्ज, आत्महत्या सगळे आहे. ‘सुपर ड्रॅग्स’च्या वेळीच कार्टून या माध्यमाचा प्रश्न एवढा तातडीचा का झाला?

याचे उत्तर राजकारणात सापडते. २०११ मध्ये ब्राझीलच्या सरकारने शाळांसाठी समलिंगीद्वेषाविरुद्ध शैक्षणिक साहित्य तयार केले होते. विरोधकांनी त्याला ‘किट गे’ असे हिणवले आणि तत्कालीन अध्यक्षा डिल्मा रुसेफ यांनी ते थांबवले. ते शाळांत पोहोचलेच नाही. तरीही २०१८ च्या निवडणूक प्रचारात जाईर बोल्सोनारो यांनी तो मुद्दा पुन्हा बाहेर काढला. ‘डावे तुमच्या मुलांना समलिंगी बनवतील’ या आशयाचा मजकूर व्हॉट्सॲपवरून घराघरांत गेला. ऑक्टोबरमध्ये निवडणूक न्यायालयाने यासंबंधीच्या काही चित्रफिती काढून टाकण्याचा आदेश दिला, पण तोवर त्या पाहून झाल्या होत्या. २८ ऑक्टोबरला बोल्सोनारो निवडून आले. त्यानंतर बाराव्या दिवशी ‘सुपर ड्रॅग्स’ प्रदर्शित झाली.

परीक्षेतला ‘पाजुबा’ काय होता?

याच दिवसांतली एक घटना मालिकेशी थेट जोडता येते. ४ नोव्हेंबरला ब्राझीलची ‘एनेम’ परीक्षा झाली. विद्यापीठ प्रवेशासाठीची ही राष्ट्रीय परीक्षा, आपल्याकडच्या प्रवेश परीक्षांसारखीच लाखो मुलांची. भाषेच्या प्रश्नपत्रिकेत ‘पाजुबा’वर एक प्रश्न आला. पाजुबा ही ब्राझीलच्या पारलिंगी आणि समलिंगी समाजाची सांकेतिक बोली. तिच्यात आफ्रिकी योरुबा भाषेतले कितीतरी शब्द आहेत. पोलिसांना कळू नये म्हणून वापरली गेलेली ही बोली पुढे नाटकांत, गाण्यांत आली. आपल्याकडे हिजडा समाजाचीही अशी सांकेतिक बोली आहेच. प्रश्न भाषाशास्त्राचा होता : एखादी बोली बोली का ठरते? नवनिर्वाचित अध्यक्षांनी मात्र त्यावर जाहीर टीका केली आणि यापुढे परीक्षेच्या प्रश्नांवर लक्ष ठेवण्याची भाषा केली.

‘सुपर ड्रॅग्स’चे मूळ पोर्तुगीज संवाद याच बोलीभोवती फिरतात. खलनायिकेचे नावसुद्धा तिथूनच आले आहे. या बोलीत ‘एल्झा देणे’ म्हणजे चोरी करणे. तेज चोरणाऱ्या बाईचे नाव एल्झा, हा विनोद साओ पाउलोच्या प्रेक्षकाला न सांगता कळतो. इंग्रजी डबिंगमध्ये तो हरवतो. सबटायटल्स लावून मूळ आवाजात पाहणे केव्हाही चांगले.

चावटपणाचे काय?

तो आहे, भरपूर आहे. कमरेखालचे विनोद दर मिनिटाला येतात, शस्त्रेसुद्धा त्यातून सुटलेली नाहीत. कधीकधी त्याचा कंटाळा येतो. समलिंगी माणसाच्या डोक्यात सदासर्वकाळ एकच विषय असतो, हा जुना समज त्याने पक्का होतो, अशी तक्रार करायला जागा आहे. बचाव एवढाच की ड्रॅगच्या क्लबमधला विनोद असाच असतो आणि मालिकेने तो सभ्य करून विकला नाही.

पण या दंग्यातही एक धागा गंभीर आहे. स्वतःला प्रेषित म्हणवणारा सांदोव्हाल समलिंगींना ‘बरे’ करण्याची मोहीम चालवतो. ही लेखकांची कल्पनाभरारी नव्हती. समलैंगिकता हा आजार मानून उपचार करण्यास ब्राझीलच्या मानसशास्त्र परिषदेने १९९९ मध्येच मनाई केली होती. सप्टेंबर २०१७ मध्ये ब्राझिलियातील एका न्यायाधीशांच्या आदेशाने अशा उपचारांचे दार पुन्हा किलकिले झाले आणि देशभर निदर्शने झाली. मालिका बनत होती ती याच काळात. सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रोखला तो २०१९ मध्ये. म्हणजे राल्फच्या वयाच्या मुलाला घरचे अशा ‘उपचारा’ला पाठवतील, ही भीती प्रेक्षकाच्या घरात बसलेलीच होती.

भारतात तेव्हा काय चालले होते?

मालिका येण्याच्या दोन महिने आधी, ६ सप्टेंबर २०१८ रोजी, भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने कलम ३७७ मधून प्रौढांचे संमतीचे समलिंगी संबंध वगळले. त्याच वर्षी मुंबईच्या सुशांत दिवगीकर यांनी ‘सा रे ग म प’च्या मंचावर राणी कोहिनूर या ड्रॅग रूपात पुरुषाच्या आणि स्त्रीच्या अशा दोन्ही आवाजांत गाऊन दाखवले. कुटुंबांसोबत पाहिल्या जाणाऱ्या हिंदी वाहिनीवर हे घडले. ब्राझीलमध्ये वारे उलट्या दिशेने वाहत असताना इथे एक दार उघडत होते.

मालिका का थांबली?

डिसेंबर २०१८ मध्ये, म्हणजे प्रदर्शनानंतर दोन महिने व्हायच्या आत, नेटफ्लिक्सने पुढचे पर्व न करण्याचा निर्णय घेतला. समाजमाध्यमांवर चाहत्यांनी याचा संबंध राजकीय दबावाशी जोडला. नेटफ्लिक्स तेव्हा मालिकानिहाय प्रेक्षकसंख्या जाहीर करत नसे, त्यामुळे आकड्यांवरून हा दावा ना सिद्ध करता आला ना खोडता. ओटीटीवर पहिल्या पर्वात गाशा गुंडाळलेल्या मालिकांची यादी तशीही लांब आहे. पाच भागांत पात्रांची नीट ओळख होते न होते तोच पडदा पडला, हे मात्र खरे. पॅट्रिकची गोष्ट तर नुकती कुठे रंगात येत होती.

पुढे जून २०१९ मध्ये ब्राझीलच्या सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी आणि पारलिंगी द्वेषातून होणाऱ्या कृत्यांना वंशद्वेषाच्या कायद्याखाली गुन्हा ठरवले. तेव्हा बोल्सोनारोच अध्यक्ष होते. २०२३ मध्ये, ते पायउतार झाल्यानंतर, ‘ड्रॅग रेस ब्राझील’ सुरू झाली आणि तिचे सूत्रसंचालन ग्रॅग क्वीन या ब्राझिलियन ड्रॅग कलाकाराकडे आले. ‘सुपर ड्रॅग्स’चा सहावा भाग कधीच आला नाही.